भीमबेटकाच्या धारेवर

भोपाळमधल्या महाराणा प्रताप नगरच्या झोन टूमध्ये मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इतिहास शिकवते. आमच्या प्रश्नसंचात एक प्रश्न ठरलेला असतो: भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या चित्रगुहांचा शोध कोणी लावला, कोणत्या साली? वि. श्री. वाकणकर, १९५७. मुलं एका दमात उत्तर देतात आणि पुढच्या प्रश्नाला लागतात. मी मात्र तिथेच अडते. हा शोध पायांनी लागलेला आहे, आणि पायांचं काम उत्तरपत्रिकेत येत नाही.

विष्णु श्रीधर वाकणकर नीमचला १९१९ साली जन्मले. माळव्यातलं मराठी घर. उज्जैनला सगळे त्यांना हरिभाऊच म्हणत. मुळात ते चित्रकार. भाऊ लक्ष्मण श्रीधर वाकणकर यांनी देवनागरी अक्षराच्या अभ्यासात आयुष्य घातलं, हरिभाऊंनी खडकावरच्या रेषांच्या. रेषेचं हे वेड एकाच घरात दोघांना लागावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मध्य प्रदेश राज्य १ नोव्हेंबर १९५६ला झालं आणि भोपाळ राजधानी ठरलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, भोपाळ-इटारसी मार्गावरच्या गाडीतून जाताना हरिभाऊंना डोंगराच्या धारेवर उभे असलेले प्रचंड खडक दिसले. त्या खिडक्यांतून तोवर हजारोंनी ते पाहिले असतील. हरिभाऊ त्या धारेपर्यंत चढून गेले.

मुलांना मी इथे आणखी एक नाव सांगते. किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ साली या जागेचा उल्लेख केला होता, तोही आसपासच्या आदिवासींकडून कळलेल्या माहितीवर. त्याला ती बौद्ध अवशेषांची जागा वाटली. वनवासात पांडव इथे राहिले, भीम इथे बसायचा, ही कथा तर गावोगाव होतीच. म्हणजे जागा कोणालाच ठाऊक नव्हती असं नाही. हरिभाऊंचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. आपण काय पाहतो आहोत हे त्यांनी ओळखलं, आणि ओळखल्यावर पुन्हा पुन्हा तिथे गेले. आज मोजदाद सातशेच्या वर शैलाश्रयांची आहे, त्यातल्या चारशेहून अधिकांत चित्रं आहेत. विनायका, भोंरावली, भीमबेटका, लाखा जुआर अशा टेकड्यांवर ती पसरली आहेत. इतकं सगळं एका फेरीत हाती लागत नाही. खडक फिरावा लागतो, प्रत्येक कपारीत मान वर करून उभं राहावं लागतं.

थंडीत क्लासला सुट्टी असली की मी नर्मदापुरमकडे जाणारी पहिली बस धरते. मंडीदीपचे कारखाने अंधारातच मागे पडतात. ओबेदुल्लागंजच्या पुढे फाट्यावर उतरायचं, रेल्वेरूळ ओलांडायचे आणि सागाच्या जंगलातून चढणीला लागायचं. या चढावर मी सोबत कोणाला घेत नाही. दोघं असलो की बोलणं होतं, आणि बोलणं झालं की बघणं राहून जातं. हे जंगल रातापानीचं आहे, वाघांचं. म्हणून पूर्ण उजाडेपर्यंत मी फाट्यावरच चहा घेत थांबते.

फाटक उघडल्या उघडल्या आत गेलं तर सभागृह म्हणतात ती मोठी गुहा रिकामी मिळते. तिचं एक तोंड पूर्वेला आहे. सकाळचं ऊन तिरपं आत येतं आणि विंध्याचा वालुकाश्म केशरी होतो. पुढे एका खडकावर हत्ती, गवे, हरणं यांची एवढी दाटी आहे की चित्रावर चित्र चढलेलं दिसतं. आधीच्याने काढलेलं न पुसता पुढच्याने त्यावरच काढलं, आणि दोघांमध्ये कदाचित हजारो वर्षं गेली. बरीचशी चित्रं पांढऱ्या आणि गेरूच्या तांबड्या रंगात आहेत, हिरवा-पिवळा क्वचित. पाऊस पोचत नाही अशा आतल्या भिंतींवर ती टिकली आहेत. आणखी पुढे एक शिंगाळं रानडुक्कर माणसामागे लागलं आहे. डुक्कर अवाढव्य, माणूस इवलासा. काढणाऱ्याच्या मनातली भीती मला त्या मापात दिसते.

चित्रांइतकंच मोलाचं काही जमिनीखाली होतं. १९७०च्या दशकात स्वतः वाकणकरांनी इथे उत्खनन केलं, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनीही. मिश्रांनी तीन-एफ-तेवीस या क्रमांकाच्या आश्रयात १९७३ ते १९७६ या काळात खोदलं. दगडी हातकुऱ्हाडींच्या काळापासून मध्याश्मयुगातल्या बारीक हत्यारांपर्यंत थरावर थर निघाले. एकाच छपराखाली माणसं इतकी युगं येत राहिली होती. त्याच कॉलेजात यशोधर मठपाल यांनी इथल्या चित्रांच्या प्रतिकृती हाताने उतरवून पीएचडी केली. तेही चित्रकारच. खडकावरची रेष आधी चित्रकारांना दिसली, असं मी वर्गात ठासून सांगते.

वाकणकरांना १९७५ साली पद्मश्री मिळाली. १९८८ साली सिंगापूरला ते वारले. भीमबेटका जागतिक वारसा यादीत आलं २००३ साली.

येणाऱ्यांसाठी आखलेली वाट पंधराएक आश्रयांशी संपते. धार मात्र तिथे थांबत नाही. लाखा जुआरच्या बाजूचे खडक झाडांच्या वर डोकं काढून उभे दिसतात, आणि खाली रुळांवरून इटारसीकडे जाणारी गाडी जाते. अलीकडे माझ्या वर्गातली काही मुलं त्या गाडीत मुद्दाम डोंगराकडची खिडकी धरतात आणि धार कुठून दिसायला लागली ते मला फोनवर कळवतात.