गायरानातली पेरणी आणि दंडाची पावती

मराठवाड्याच्या शेतीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी देशमुख पाहिला, पाटील पाहिला, कुणबी पाहिला, निजामाचा जहागीरदारही पाहिला. महारवाड्यातला माणूस मात्र त्यांना खळ्याच्या कडेला बलुत्यासाठी पदर पसरून उभा असलेलाच दिसला. तो स्वतःच्या तिफणीमागे चालतो आहे, हे चित्र त्या इतिहासात नाही. घनसावंगीसारख्या गावांच्या माळांवर ते आहे.

हा मुलूख १ मे १९८१ ला जालना जिल्ह्यात आला. त्यापूर्वी तो औरंगाबाद जिल्ह्यातल्या अंबड तालुक्याचा भाग होता. दक्षिणेला गोदावरी. तिच्या काठची काळी जमीन ज्यांची होती त्यांचीच राहिली. दलितांनी हात घातला तो माळावरच्या गायरानाला. १९५३ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला. पुढे १९५९ मध्ये आणि ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे लढे झाले. या लढ्यांत लोक तुरुंगात गेले हे आपण लिहितो. तुरुंगातून आल्यावर त्यांनी दगड वेचले, बोरी-तरवडाची खोडे खणली, हराळी उपटली, हे लिहीत नाही. वास्तविक जमीन ताब्यात आली ती या दुसऱ्या कामाने.

मृग निघाला की खरी परीक्षा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीला वापसा येतो आणि तो चार-दोन दिवसच टिकतो. माळावरची मुरमाड जमीन तर लवकर सुकते. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याने काय करायचे? बैलवाल्याकडे जायचे. बैलवाला आधी आपले रान पेरणार, मग भाऊबंदांचे, मग उरलेच तर आपले. त्या एका दिवसाच्या जोडीपोटी किती दिवस राबायचे, तेही तोच ठरवणार. म्हणजे गायरानातली पेरणी उशिराची, उगवण विरळ आणि घरातली माणसे खुरपणीला दुसऱ्याच्या शेतात. ज्या बाईने पहाटे भाकरी थापून आपल्या रानात चाड्यावर मूठ धरली, तीच दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या बांधावर रोजाने बसलेली. बी उसने, तेही दिढीचे. शेती पिकत नाही असा शेरा मारणाऱ्या शिक्षित मित्रांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

म्हणून या घरात धान्याइतकीच वैरणीला किंमत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला माळावरचे मारवेल, पवना पिवळे पडू लागते. कुसळी गवताला कुसळ धरण्याआधी विळा चालला पाहिजे, नाहीतर ते ढोराच्या तोंडात टोचते. पहाटे दवात कापणी सुरू होते, कारण ओले गवत विळ्याला सोपे जाते. मग दोन-तीन दिवस उन्हात वाळवायचे, पेंढ्या बांधायच्या, डोक्यावरून घरी आणायच्या. माघ-फाल्गुनात ज्वारी उपटली की कडबा. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, आणि अशी गंजी रचली की घर वर्षाचे झाले. गंजी असली तर एक बैल पोसता येतो. एक बैल असला तर तशाच दुसऱ्या घराशी सावड करता येते. सावड झाली तर पुढच्या मृगाला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. गावकीला हे नीट कळत होते. म्हणूनच वैर काढायचे तर उभ्या पिकात जनावरे घालायची, नाहीतर रात्री गंजी पेटवायची. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. ती आग नावापुरती होती असे मानणाऱ्यांनी गायरानांचे तंटे विसरू नयेत.

तक्रार मात्र नेहमी एकच: गायरान पेरले तर गावची गुरे चरणार कुठे? गुरांचा हा कळवळा मोठा गमतीचा आहे. जिवंत गुराला गायरान आणि मेलेले गुरू ओढायला महारवाडा, अशी वाटणी गावाने पिढ्यान्‌पिढ्या केली होती. मेलेले ओढणे आपण सोडले, आणि तेव्हापासून गायरानाची आठवण अधिक येऊ लागली.

या शेतीचे कागदही उलटे. सातबारावर नाव नाही. तलाठ्याच्या अतिक्रमणाच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना एक-इ मध्ये, नाव आहे. दंड भरला की पावती मिळते. गुन्ह्याची ती पावती हाच कसत असल्याचा पुरावा. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, तेव्हा लोक ट्रंका उघडून याच पावत्या घेऊन तहसीलला गेले. ज्याने दंड टाळला त्याचा पुरावाच नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायराने मोकळी करण्याचा हुकूम आला आणि त्याच पावत्या अतिक्रमणाची कबुली ठरण्याची भीती उभी राहिली.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने मोबाइलवर पिकाचा फोटो काढून आपली नोंद आपणच करायची. ती करायला सातबारावर खाते लागते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी माणसे आता गवत कापण्याचे काम म्हाताऱ्यांवर टाकून जातात, आणि जाताना दंडाच्या पावत्यांची पिशवी शेजारी सांभाळायला देतात.