ठगाची जबानी आणि ऐकणारा साहेब

कादंबरी वाचतांना वाटणारें भय बहुधा सुखाचें असतें. पुस्तक मिटलें कीं तें भय मागें पडतें, हें वाचकास ठाऊक असतें. परंतु तीच कादंबरी जेव्हां कचेरीच्या दप्तराचा पोषाख करून येते, आणि खुनी इसम स्वतःच्या तोंडानें आपलीं कृत्यें एकामागून एक सांगूं लागतो, तेव्हां वाचक नुसता भीत नाहीं. तो विश्वासही ठेवूं लागतो. ह्या विश्वासाची किंमत काय पडते, हें पाहण्यास आपल्याच मुलुखांतून निघालेलें एक पुस्तक फार उपयोगी आहे.

फिलिप मेडोज टेलर याचें ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ हें तीन भागांचें पुस्तक १८३९ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचें. म्हणजे मराठी कादंबरीच्या जन्मापूर्वीं १८ वर्षें आपल्या रस्त्यांवरील खुनांची कथा विलायतेंतील वाचक रात्रीं जागून वाचीत होते. टेलरचा जन्म १८०८ सालीं लिव्हरपूल येथें झाला. १८२४ सालीं पोरवयांत तो मुंबईस आला आणि पुढें निजामाच्या नोकरींत शिरला. तुळजापूर-नळदुर्गाकडील मुलूख त्यानें पायांखालीं घातला होता, आणि १८३३ च्या सुमारास हिंगोली येथें माफीच्या साक्षीदार ठगांच्या जबान्या त्यानें स्वतः ऐकल्या होत्या. तेव्हां त्याच्या कादंबरीचा पाया ऐकीव गप्पांचा नाहीं, हें प्रथमच मान्य केलें पाहिजे.

ह्या पायावर त्यानें इमारत मात्र कादंबरीकाराच्या कसबानें उभारली. अमीर अली नांवाचा कैदी एका साहेबासमोर बसून आपला जन्मवृत्तांत सांगतो. लहानपणीं त्याच्या आईबापांस ठगांनीं मारलें. त्याच टोळीच्या म्होरक्यानें, इस्माइलनें, त्याला मुलगा म्हणून वाढविलें. पुढें तो स्वतः नामांकित ठग होतो, ७१९ खुनांचा धनी म्हणवितो, आणि ज्यांस त्यानें मारलें त्यांत स्वतःची बहीणही होती, हें त्याला फार उशिरां कळतें. हें सर्व तो ज्या शांतपणें सांगतो, तोच ह्या पुस्तकांतील खरा थरार होय. रक्त येथें फारसें सांडत नाहीं. वाटसरू भेटतात, एकमेकांची विचारपूस होते, सोबतीनें चालणें बरें असें ठरतें, मुक्कामावर गाणेंबजावणें होतें. आणि कोणी तरी ‘तमाखू आण’ असें सहज म्हणतो. तो इशारा असतो. रुमालाचा फांस पडतो, आणि खड्डा तर अगोदरच खणून ठेवलेला असतो. अनोळखी माणसाच्या सौजन्यावरच ज्या काळीं प्रवास चाले, त्या काळच्या माणसाचें काळीज कोठें दुखेल, हें टेलरनें अचूक ओळखलें होतें.

आतां ऐकणाऱ्या साहेबाकडे वळूं. कादंबरींत तो फारसें बोलत नाहीं, म्हणून वाचकास त्याचा विसर पडतो. किंबहुना वाचक त्याच्याच खुर्चींत जाऊन बसतो. परंतु इतिहासांत हा साहेब मुका नव्हता. प्रश्न तो विचारी, उत्तर तो लिहवून घेई, आणि बोलणाऱ्याचे प्राण त्याच्या हातीं असत. १८३६ च्या ३० व्या कायद्यानें, कोणी कधीं काळीं ठगांच्या टोळींत होता एवढें शाबीत झालें तरी त्यास जन्मठेप देतां येऊं लागली, आणि अशा खटल्यांत काजी-मुफ्तींचा फतवा घेण्याची जरूर उरली नाहीं. १८३७ च्या १९ व्या कायद्यानें शिक्षा झालेल्या गुन्हेगाराची साक्षही ग्राह्य ठरली. म्हणजे ज्याची मान फांसांत अडकलेली आहे, त्यानें दुसऱ्यांचीं नांवें सांगावीं आणि आपली मान सोडवून घ्यावी. अशा साक्षींच्या आधारें चाललेल्या मोहिमेंत ४०० हून अधिक इसम फांशीं गेले, आणि त्यांहून कितीतरी अधिक काळ्या पाण्यावर किंवा जन्मभर तुरुंगांत पडले.

साक्षीदारांनीं दाखविलेल्या जागीं प्रेतें सांपडलीं, हें खरें. म्हणून खून झालेच नाहींत, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या सर्व खुनांमागें हिंदुस्थानभर पसरलेला एकच गुप्त धर्मपंथ होता, ही कल्पना मात्र जबान्यांच्या शाईंत रंगलेली आहे. स्ट्यूअर्ट गॉर्डन यानें १८ व्या शतकांतील माळव्याविषयीं १९६९ सालीं लिहितांना ठगांकडे पंथ म्हणून न पाहतां मोडत्या राज्यांच्या काळांतील लुटारू म्हणून पाहिलें. किम वॅग्नर यानें २००७ च्या आपल्या ग्रंथांत खुनांचें वास्तव न नाकारतां, पंथाच्या कल्पनेची मात्र बारकाईनें चिकित्सा केली. टेलरच्या वाचकांस ह्या शंकेची सोय नव्हती. त्यांच्या मनांत भवानी म्हणजे खुनी लोकांची देवता, एवढेंच बसलें.

आणि येथेंच मराठी घरांतील वाचकास थबकावें लागतें. भवानी ही कित्येक घरांची कुलस्वामिनी आहे. विशेष हें कीं, त्याच टेलरनें १८६३ सालीं ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, तींत तुळजापूरच्या भवानीचें देऊळ आणि तेथील भाविक माणसें पुष्कळ आपुलकीनें रंगविलीं आहेत. त्या कादंबरीचा ओघ अफझलखानाच्या स्वारीबरोबर प्रतापगडाकडे जातो. महाड तालुक्यांतील तुडीलसारख्या गांवच्या वाचकास तो प्रदेश परका नाहीं. पोलादपूर मागें टाकून आंबेनळी घाट चढूं लागलें कीं त्या गडाची वाट येते. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं गडाच्या पायथ्याशीं जें घडलें, त्याबद्दल सभासदाची बखर आहे, फारशी तवारिखा आहेत, इंग्रज वखारवाल्यांचीं पत्रें आहेत. ते परस्परांशीं भांडतात, आणि त्या भांडणांतूनच वाचक आपलें मत बनवितो. तेथें टेलर चुकला तर त्याचा कान धरणारे साक्षीदार हजर आहेत. ठगाच्या कथेंत मात्र मेलेले बोलत नाहींत, आणि जिवंत आहेत ते माफीच्या आशेनें बोलतात.

टेलरची कादंबरी वाचूं नये, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ती अवश्य वाचावी. तशी धास्ती लावणारीं पुस्तकें थोडीं. परंतु खुनी इसमाची जबानी म्हणून जें पुस्तक हातीं येतें, त्यांत आवाज दोन असतात: एक सांगणाऱ्याचा आणि एक विचारणाऱ्याचा. पहिला ऐकूं येतो, म्हणून आपण भितों. दुसरा दडलेला असतो, म्हणून आपण विश्वास ठेवितों. रुमाल टाकणाऱ्या ठगास प्रवाशानें जितकें ओळखावें, तितकेंच लेखणी धरणाऱ्या साहेबासही वाचकानें ओळखावें.