रिपॅकचा उतार आणि चार मिलिमीटर

मुलांची किंवा नातवंडांची माउंटन बाइक गॅरेजमध्ये असेल तर ती एकदा बाजूने पाहा. हँडलखालची नळी जमिनीशी जो कोन करते, त्यावरून गेली पन्नास वर्षे ओढाताण चालली आहे.

21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही तरुणांनी कच्च्या डोंगरवाटेवर उतरण्याची शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार! पेडल उलटे दाबून लावायचा ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नाव ‘रिपॅक’. सायकली म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या, जुन्या बाजारातल्या श्विन एक्सेल्सियर. त्यांचा कोन सुमारे 68 अंशांचा, पुढचे चाक बरेच पुढे, त्यामुळे वेगातही सायकल स्थिर राही. 1977 मध्ये जो ब्रीझ यांनी खास या वाटांसाठी फ्रेम बांधली, तीही एक्सेल्सियरच्या ठेवणीवर.

पुढे शर्यतींत चढाला महत्त्व आले आणि नव्वदच्या दशकापर्यंत 71 अंश रूढ झाले. चढाला ते सोयीचे, पण उताराच्या दृष्टीने मी त्याला पीछेहाटच म्हणेन.

फ्रेम एकदा जोडली की कोन कायमचा. मागे शॉक आला आणि ही अडचण सुटली, कारण सायकलचा मागचा भाग शॉकच्या लांबीवर तोललेला असतो. शॉकच्या दोन्ही टोकांना, बोल्टचे भोक मध्यापासून दोन-दोन मिलिमीटर सरकवलेले बुश बसवले, की शॉक चार मिलिमीटर आखूड झाल्यासारखा होतो. चाक शॉकच्या अडीचपट हलत असेल तर मागची बाजू सेंटिमीटरभर खाली बसते आणि हँडलचा कोन साधारण अर्ध्या अंशाने कलतो. हौशी मंडळींची ही युक्ती कारखान्यांनीही आपल्या परीने उचलली. ट्रेकची ‘मिनो लिंक’ उलटी फिरवली की जवळपास तेवढाच फरक पडतो.

फुकट मात्र काही मिळत नाही. पेडलचा आस सहा-सात मिलिमीटर खाली येतो आणि पेडल दगडांवर आपटू लागते. घरात कोणी असे बुश बसवणार असेल, तर आधी शॉकमधली हवा सोडून तो पूर्ण दाबायला सांगा. मागचे टायर सीटखालच्या नळीला घासले तर ते बुश त्या सायकलला चालणार नाहीत.