रक्ताची साक्ष



पावसाळा सुरू झाला की तापाचे दिवस येतात, आणि तापाबरोबर रक्ततपासणीची चिठ्ठीही घरोघर येते. चिठ्ठीवर मजकूर थोडा आणि आकडे पुष्कळ : कोठे १:८०, कोठे १:१६०. घरातील वडील मंडळी ती उजेडात धरून वाचतात, आणि कोणीतरी जाणता निकाल देऊन टाकतो, "टायफॉईड निघाला." या 'निघाला' शब्दात एक समजूत दडलेली आहे. आजार रक्तात लपून बसला होता, तो तपासनिसाने शोधून बाहेर काढला, अशी ती समजूत. वस्तुतः विडाल परीक्षा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीत टायफॉईडचा जंतू रोग्याच्या रक्तात कोणी पाहिलेलाच नसतो. त्या जंतूशी झगडण्यासाठी शरीराने निर्माण केलेली द्रव्ये रक्तात किती आहेत, एवढेच पाहिलेले असते. या द्रव्यांना प्रतिपिंड म्हणतात. ही रक्ताची साक्ष खरी. पण साक्ष आणि निकाल यांत अंतर असते, आणि ते ओळखावयास वैद्यकशास्त्राला बरीच वर्षे व बऱ्याच चुका खर्ची घालाव्या लागल्या. तो इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत विषमज्वर, म्हणजे आपला मुदतीचा ताप, ओळखण्याचे मुख्य साधन एकच होते : वाट पाहणे. ताप पायरीपायरीने चढतो की नाही, जीभ कशी आहे, पोटावर गुलाबी ठिपके उठतात की काय, हे पाहत डॉक्टर उशाशी बसत. कार्ल एबर्ट यांनी १८८० साली त्या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि गेओर्ग गाफ्की यांनी १८८४ साली तो प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. शत्रू ओळखीचा झाला. परंतु जिवंत रोग्याच्या अंगातून तो हाती लागणे त्या काळी फार अवघड होते.

मार्ग निघाला तो दुसऱ्याच बाजूने. बर्लिन येथे रॉबर्ट कोख यांच्या संस्थेत एमिल फॉन बेरिंग आणि जपानहून आलेले शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० साली दाखविले की, धनुर्वाताला न जुमानणाऱ्या प्राण्याच्या रक्तातील निव्वळ पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, दुसऱ्या प्राण्याला टोचले तर तोही त्या रोगापासून वाचतो. घटसर्पाविषयीही असाच अनुभव आला. रक्तात काहीतरी आहे, हे सिद्ध झाले. पण ते किती आहे? घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलाला द्यावयाच्या औषधाची एक बाटली जोरकस आणि दुसरी निकामी असून कसे चालेल? पाउल एर्लिख यांनी १८९७ साली या प्रश्नाचा बंदोबस्त केला. त्यांनी एक नमुन्याचे सीरम ठरविले, ते सुकवून निर्वात नळ्यांत जपून ठेवले, आणि प्रत्येक नवे सीरम त्याच्याशी ताडून पाहण्याची रीत घालून दिली. बाजारात धान्याचे माप शिक्क्याच्या मापाशी ताडतात, तसाच हा प्रकार. अदृश्य वस्तूला माप मिळाले, ही या इतिहासातील पहिली मोठी गोष्ट.

दुसरी गोष्ट १८९६ सालची. ज्या वर्षी मुंबईत प्लेग शिरला, त्याच वर्षी व्हिएन्ना येथे माक्स फॉन ग्रूबर आणि त्यांच्याकडे काम करणारे इंग्रज तरुण हर्बर्ट डरहॅम यांनी एक चमत्कारिक दृश्य नोंदविले. पाण्यात सैरावैरा पोहणाऱ्या जंतूंत त्यांच्याविरुद्ध तयार झालेले सीरम घातले, तर जंतू एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. दूध नासल्यावर चोथा व पाणी वेगळे व्हावे तसे. ग्रूबर यांना यात एक सोय दिसली : ओळखीचे सीरम हाती असेल, तर अनोळखी जंतूची जात ठरविता येईल.

पॅरिसचे फेर्नां विडाल यांनी हाच विचार उलटा केला. जंतू ओळखीचा घ्यावा आणि अनोळखी असावे ते रोग्याचे रक्त! टायफॉईडच्या जंतूंत रोग्याचे सीरम घातले आणि पुंजके झाले, तर त्या माणसाला टायफॉईड आहे. २६ जून १८९६ रोजी त्यांनी आपली पद्धत पॅरिसच्या वैद्यांच्या सभेपुढे मांडली. व्हिएन्नात ग्रूबर यांच्याच प्रयोगशाळेत आल्बर्ट ग्रूनबाउम हेही याच दिशेने काम करीत होते. त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होण्यास काही महिने उशीर झाला, आणि नाव विडाल यांचे राहिले. त्याच वर्षी मॉन्ट्रिअल येथे वायट जॉन्स्टन यांनी वाळलेल्या रक्ताच्या थेंबावरही ही परीक्षा होते असे दाखविले. म्हणजे गावोगावच्या डॉक्टरांनी थेंब वाळवून टपालाने पाठवावा आणि शहरातील प्रयोगशाळेने उत्तर कळवावे! रोग्याच्या उशाशी बसून वाट पाहण्याचा काळ संपला, असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

पण लवकरच ध्यानात आले की, धडधाकट माणसाचे सीरमही, ते पुरेसे दाट वापरले तर, थोडेफार पुंजके करते. तेव्हा 'होते की नाही' हा प्रश्न अपुरा ठरला. 'किती होते' हे विचारणे भाग पडले. त्याचे उत्तर काढण्याची युक्ती अगदी घरगुती आहे. दोन आमट्या खारट झाल्या. अधिक खारट कोणती? दोन्हींतून एकेक पळी घ्यावी, त्यात पाणी घालून ती दुप्पट पातळ करावी, मग आणखी दुप्पट, असे करीत जावे. जिचा खारटपणा जास्त पायऱ्यांपर्यंत टिकेल तिच्यात मीठ अधिक. प्रयोगशाळेतही हेच करतात. सीरम वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट, एकशेसाठपट असे पातळ करीत नेतात, आणि ज्या शेवटच्या नळीत पुंजके दिसतात तिचा आकडा लिहितात. चिठ्ठीवरील १:१६० चा अर्थ एवढाच. या आकड्यास टायटर म्हणतात.

आता साक्षीदार बोलू लागला. त्याची उलटतपासणी व्हावयास हवी. पहिला प्रश्न : तू केव्हा आलास? प्रतिपिंड तयार होण्यास वेळ लागतो. टायफॉईडमध्ये पहिल्या आठवड्यात ते बहुधा पुरेसे नसतात. म्हणजे निदानाची निकड असते तेव्हा साक्षीदार वाटेवरच असतो. दुसरा प्रश्न : तू आजच्या घटनेविषयी सांगतोस की जुन्या? ज्या गावच्या पाण्यात हा जंतू नेहमीचाच आहे, तेथील निरोगी माणसाच्या रक्तातही जुन्या झगड्याची खूण राहते. लशीचेही तेच. आल्म्रॉथ राइट यांनी १८९६ च्या सुमारास टायफॉईडची लस तयार केली आणि पुढे हिंदुस्थानातील काही हजार गोऱ्या सैनिकांना ती टोचण्यात आली. लस टोचलेल्याचे रक्तही पुंजके करी. तिसरा प्रश्न : तू ज्याचे नाव घेतोस तोच तो कशावरून? टायफॉईडच्या भाऊबंद जंतूंविरुद्धचे प्रतिपिंडही या परीक्षेत हजेरी लावतात.

पहिल्या महायुद्धात सैनिकांना सरसकट लस टोचलेली होती, तेव्हा हा पेच फारच वाढला. ऑक्सफर्डचे जॉर्जेस ड्रायर यांनी त्यावर मार्ग सांगितला : जंतूंचा द्रव सर्वत्र एकाच प्रमाणाचा वापरा, आणि त्याच माणसाचे रक्त काही दिवसांच्या अंतराने पुन्हा मोजा. जुनी खूण स्थिर राहते. नवा आजार असेल तर आकडा चढतो आणि मग उतरतो. आठदहा दिवसांत आकडा चौपट झाला तर तो खरा पुरावा, हा पुढे सर्वमान्य झालेला नियम याच विचारातला. एका मोजणीने स्थिती कळते, गती कळत नाही. आणि आजार ही तर गती आहे.

साक्षीदारावर आंधळा विश्वास ठेवल्याने काय घडते, याचे मोठे उदाहरण उपदंशाच्या परीक्षेचे. हा रोग पहिल्या खुणांनंतर वर्षानुवर्षे दडून राहतो, म्हणून रक्तपरीक्षेची गरज फार. बर्लिन येथे आउगुस्ट फॉन वासरमान, आल्बर्ट नाइसर आणि कार्ल ब्रुक यांनी १९०६ साली ती शोधली. उपदंशाने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क ते वापरीत. त्यात रोगाचे जंतू असतात आणि रोग्याच्या रक्तातील प्रतिपिंड त्यांनाच पकडतात, अशी त्यांची समजूत होती. पण वर्षभरातच आढळले की, निरोगी प्राण्याच्या हृदयाच्या अर्कानेही परीक्षा तितकीच चांगली होते. मूळ कल्पनाच ढासळली! तरीही परीक्षा उपयोगी पडत होती, म्हणून ती चालू राहिली. कशामुळे ती चालते ते द्रव्य, कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ, मेरी पँगबॉर्न यांनी गुरांच्या हृदयातून वेगळे केले ते १९४१ साली. म्हणजे पस्तीस वर्षे जगभर या परीक्षेवर निदाने होत होती आणि ती नेमके काय मोजते हे कोणासही ठाऊक नव्हते. लुडविक फ्लेक या पोलिश वैद्याने शास्त्रातील 'तथ्य' कसे घडत जाते यावर १९३५ साली पुस्तक लिहिले, त्यात उदाहरण घेतले ते याच परीक्षेचे.

आणि ही केवळ विद्वानांची चर्चा नव्हती. त्याच १९३५ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने लग्नापूर्वी वधूवरांची उपदंशासाठी रक्ततपासणी सक्तीची केली. पुढे इतर राज्यांनी तोच कित्ता गिरविला. इकडे ही परीक्षा हिवताप आणि कुष्ठरोग यांतही पॉझिटिव्ह येते, असे दिसून आले होते. ज्या देशात हे दोन्ही रोग घरचे, तेथे एखाद्या निर्दोष स्त्रीला किंवा पुरुषाला त्या कागदाने काय सोसावे लागले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. रॉबर्ट नेल्सन आणि मॅनफ्रेड मेयर यांनी १९४९ साली प्रत्यक्ष उपदंशाच्या जंतूवरच आधारलेली परीक्षा काढली, तेव्हा पूर्वी पॉझिटिव्ह ठरलेल्यांपैकी अनेकांना तो रोग कधी झालाच नव्हता, हे उघड झाले. डाग लावणाऱ्या कागदाने तो पुसण्याची तजवीज मात्र कोठेच केलेली नव्हती.

पुढे साधने अधिक सूक्ष्म झाली. १९७१ साली स्टॉकहोम येथे एवा एंगवाल आणि पेटर पर्लमान यांनी, आणि त्याच सुमारास हॉलंडमधील संशोधकांनी, रंग पालटून अत्यल्प द्रव्यही दाखविणारी एलायझा पद्धत प्रसिद्ध केली. मद्रास येथील मराठी गायतोंडे घराण्यात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांनी १९८६ साली हिंदुस्थानातील पहिले एचआयव्हीबाधित याच पद्धतीने शोधले. त्यांचा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे : पहिल्या उत्तरावर न थांबता ते रक्त अमेरिकेत नेऊन दुसऱ्या पद्धतीने खातरजमा करण्यात आली. उलट क्षयरोगाच्या बाबतीत प्रतिपिंड मोजून निदान करण्याच्या परीक्षा बाजारात धडाक्याने खपत होत्या. निरोग्याला रोगी आणि रोग्याला निरोगी ठरविण्याचे त्यांचे प्रमाण पाहून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्या वापरू नयेत असे सांगितले, आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांवर बंदी घातली.

मग ही साक्ष टाकाऊच समजावी काय? मुळीच नाही. एका माणसाविषयी जी चाचरते, तीच साक्ष सबंध गावाविषयी स्पष्ट बोलते. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांच्या आरंभीच्या कामांपैकी एक म्हणजे देशाच्या निरनिराळ्या भागांतील लोकांचे रक्त गोळा करून त्यात कोणकोणत्या विषाणूंविरुद्ध प्रतिपिंड आहेत हे पाहणे. जे रोग कोणी पाहिले किंवा ओळखले नव्हते त्यांची पावले अशा तपासणीत उमटलेली दिसतात. आणि जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत सुमारे ७,००० लोकांचे रक्त तपासले, तेव्हा झोपडपट्टीतील ५७ टक्के आणि इतर वस्तीतील १६ टक्के लोकांत करोनाचे प्रतिपिंड सापडले. यांतील बहुतेकांची रोगी म्हणून नोंदही नव्हती. एकेका चिठ्ठीत चूक असू शकते. पण ५७ आणि १६ यांतील अंतर हे एका खोलीत किती माणसे राहतात, नळ आणि शौचालय किती घरांत मिळून एक आहे, याचीच कहाणी सांगते. जुनी खूण टिकून राहते हा जो दोष एका रोग्याच्या निदानात आडवा येतो, तोच येथे गुण ठरला.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात अशी चिठ्ठी हाती आली, तर तीवर अविश्वास दाखवू नका, पण तिला न्यायासनावरही बसवू नका. ताप येऊन किती दिवस झाले, लस कधी टोचली होती, रक्तातून जंतू वाढवून पाहण्याची तपासणी औषध सुरू करण्यापूर्वी करता येईल काय, आणि पुन्हा मोजल्यास आकडा चढतो काय, हे डॉक्टरांना विचारा. हे न विचारता टायफॉईडचे औषध सुरू झाले, तर खरा आजार हिवताप किंवा डेंग्यू असला तरी तो आत वाढतच राहतो, आणि औषधाची धार उगाच बोथट होते ती वेगळीच. विडाल यांनी रक्ताला बोलते केले, हे त्यांचे उपकार मोठे आहेत. त्याला नीट प्रश्न विचारण्याचे काम मात्र आपले आणि आपल्या डॉक्टरांचे आहे.