ताऱ्यांच्या नक्षीची गोधडी : गौरव आणि श्रम

अमेरिकेतील गोधडीकलेत आठ टोकांच्या ताऱ्याची नक्षी मानाची समजली जाते. मात्र ती शिवणे अवघड असते. या अवघडपणाचे कारण नक्षीच्या भूमितीत आहे. ४५ अंशांच्या कोनाचे आठ समभुज तुकडे एका बिंदूत जुळवावे लागतात. प्रत्येक तुकड्यात एका अंशाची चूक झाली, तरी मध्यबिंदूशी आठ अंशांचा फरक पडतो व तारा सपाट बसत नाही. शिवाय तुकड्याच्या किमान दोन कडा उरेब येत असल्याने हाताळताना कापड ताणले जाते.

१९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त सिअर्स, रोबक कंपनीने राष्ट्रीय गोधडी स्पर्धा भरविली. महामंदीच्या त्या काळातही सुमारे २४,००० गोधड्या आल्या. सर्वोच्च पारितोषिक केंटकीच्या मार्गारेट केडन यांच्या ताऱ्यांच्या गोधडीस मिळाले आणि ती एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आली. तथापि, ती केडन यांनी स्वतः शिवलेली नव्हती. मजुरी देऊन इतर स्त्रियांकडून करवून घेतलेली होती. पारितोषिकाच्या रकमेत त्या स्त्रियांना वाटा मिळाला नाही. मंदीत हातचे काम जाईल, या भीतीने त्या गप्प राहिल्या.

यावरून असे दिसते की, गोधडीवरील नाव आणि ती प्रत्यक्ष शिवणारे हात नेहमी एकाच व्यक्तीचे नसतात. म्हणूनच स्त्रियांच्या हस्तकलेचा इतिहास लिहिताना गोधडीवरील नावाबरोबरच मजुरीच्या व्यवहाराचाही शोध घेणे आवश्यक ठरते.