ब्रोकन हिलची पोथी आणि ऑस्ट्रेलियाचे लेखक

शाळेत माझ्या टेबलावर उर्दू व्याकरणाचं एक जुनं पुस्तक असतं. एकदा एका सहकाऱ्यांना त्याच्याखालचं हजेरीपत्रक हवं होतं. ते थबकले आणि म्हणाले, "मॅडम, हे तुम्हीच उचला. आमचा हात लागलेला चालतो की नाही, माहीत नाही." त्यांना तो कुरआन वाटला होता. त्यांचा अदब खरा होता, म्हणून मी हसू आवरलं. पण उर्दू लिपी दिसली की पुस्तक धर्माचंच असणार, हे त्यांनी न उघडताच ठरवलं होतं. ते मनात राहिलं.

हा प्रसंग पुन्हा आठवला समिया खातून यांचं 'ऑस्ट्रेलियानामा' वाचताना. खातून या बांगलादेशात जन्मलेल्या ऑस्ट्रेलियन इतिहासकार. न्यू साउथ वेल्सच्या पार पश्चिमेला, रखरखीत मुलखात, ब्रोकन हिल नावाचं खाणीचं गाव आहे. तिथे एक छोटी पत्र्याची मशीद आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंटवाल्यांनी बांधलेली. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून उंट आणि ते सांभाळणारी माणसं मेलबर्नला उतरली. पुढची कित्येक दशकं त्या देशाच्या आतल्या भागातली मालवाहतूक या लोकांनी केली. कुणी सिंधचा, कुणी बलुचिस्तानचा, कुणी पंजाब-पेशावरचा. तिथे मात्र सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत.

या मशिदीत एक जाडजूड ग्रंथ जपून ठेवलेला होता. तो कुरआन असल्याचं सांगितलं जाई, तसं छापलंही गेलं होतं. खातून यांनी तो उघडला तर आत बंगाली! कलकत्त्यात छापलेलं 'कसासुल अंबिया', म्हणजे पैगंबरांच्या कथा, पद्यात, पाचशेच्या आसपास पानं. माझ्या दादीकडे हेच पुस्तक उर्दूत होतं. दुपारी मोहल्ल्यातल्या बायका जमत. एक वाचणारी, बाकीच्या ऐकणाऱ्या. युसुफ अलैहिस्सलामांची गोष्ट आली की ऐकणारीही रडे आणि वाचणारीही. बंगालीत अशा पुस्तकांना पुथी म्हणतात, आणि ती मोठ्याने वाचूनच दाखवायची असतात. आपली पोथीच ती. वाळवंटातल्या त्या पत्र्याखाली ती कुणी कुणाला वाचून दाखवली असेल, या प्रश्नामागे खातून यांचं सगळं पुस्तक धावतं.

आता हे पुस्तक ऑस्ट्रेलियाच्या साहित्यात धरायचं का? प्रश्न विचित्र वाटेल. पण त्या देशाला इंग्रजीत लिहिणारे आपले गोरे लेखकसुद्धा 'आपले' म्हणायला फार वर्षं लागली.

माइल्स फ्रँकलिनचं उदाहरण घ्या. शेतकरी-पशुपालक घरातली मुलगी. 'माय ब्रिलियंट करिअर' ही तिची कादंबरी १९०१ साली निघाली ती दूर एडिनबरोच्या ब्लॅकवूडकडून. तिचं पूर्ण नाव स्टेला माइल्स फ्रँकलिन. बाई असल्याचं कळू नये म्हणून तिने 'स्टेला' गाळलं, तर प्रस्तावना लिहिणाऱ्या हेन्री लॉसनने ते सांगूनच टाकलं! पुढे ती बरीच वर्षं परदेशात राहिली, परत आली, टोपणनावानेही लिहिलं, आणि सिडनीत काटकसरीत दिवस काढले. १९५४ मध्ये ती गेली. तिच्या मृत्युपत्रात साठवलेला पैसा कादंबरीच्या पुरस्कारासाठी ठेवलेला निघाला. अट एकच, कादंबरीत ऑस्ट्रेलियाचं जीवन असावं, मग ते कोणत्याही अंगाचं असो. १९५७ मध्ये पहिला पुरस्कार पॅट्रिक व्हाइटच्या 'व्हॉस'ला मिळाला. व्हाइटला १९७३ चं नोबेल मिळालं, तेव्हा त्यानेही त्या पैशातून उपेक्षित राहिलेल्या लेखकांसाठी पुरस्कार सुरू केला. पहिली मानकरी क्रिस्टिना स्टेड. काही वर्षांपूर्वी हिलाच, ती परदेशात राहते म्हणून, एक पुरस्कार नाकारला गेला होता.

आपल्याच पुस्तकांविषयीच्या या संकोचाला नाव दिलं एका शाळामास्तरांनी, याचा मला विशेष आनंद वाटतो. ए. ए. फिलिप्स मेलबर्नच्या वेस्ली कॉलेज या शाळेत इंग्रजी शिकवत. १९५० साली 'मींजिन' त्रैमासिकात त्यांनी 'कल्चरल क्रिंज' हा लेख लिहिला. सुरुवात रेडिओच्या एका कार्यक्रमापासून आहे. एकच रचना दोन कलाकार सादर करणार, एक देशी, एक विदेशी. नावं शेवटी सांगायची. म्हणजे नाव झाकल्याशिवाय आपल्या माणसाला न्याय मिळणार नाही, हे कार्यक्रम करणाऱ्यांनीच गृहीत धरलेलं. सिडनी विद्यापीठात ऑस्ट्रेलियन साहित्याचं पहिलं प्राध्यापकपद १९६२ मध्ये भरलं गेलं. त्यासाठीही लोकवर्गणी गोळा करावी लागली होती.

पण ज्यांची भूमी, त्यांच्या पुस्तकाचं काय झालं? डेव्हिड युनायपन हे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नगारिंजेरी जमातीचे. जन्म १८७२. प्रवचनकार, संशोधक, लोकर कातरण्याच्या यंत्रात त्यांनी सुधारणा केली होती. १९२० च्या दशकात त्यांनी गावोगाव फिरून आदिवासींच्या कथा गोळा केल्या आणि आपल्या भारदस्त इंग्रजीत लिहिल्या. सिडनीच्या अँगस अँड रॉबर्टसन या प्रकाशकांनी हस्तलिखित विकत घेतलं आणि पुढे विल्यम रॅम्से स्मिथ नावाच्या डॉक्टरला विकलं. १९३० मध्ये लंडनहून पुस्तक निघालं. त्यावर लेखक म्हणून स्मिथचं नाव. युनायपन यांचा साधा ऋणनिर्देशही नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. चोरी म्हणावी तर कागदोपत्री व्यवहार झालेला. पैसे दिलेले, पावती असणार. कायद्याने सगळं चोख, आणि माणूस गायब.

युनायपन १९६७ मध्ये वारले. १९९५ मध्ये पन्नास डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्र आलं. नोटेवर त्याच हस्तलिखितातला मजकूरही छापला होता. म्हणजे त्या ओळी देशभर लोकांच्या खिशात फिरत होत्या आणि पुस्तक अजून दुसऱ्याच्या नावावर होतं. सिडनीच्या ग्रंथालयात जपलेलं ते हस्तलिखित स्टीफन म्यूके आणि अ‍ॅडम शूमेकर या अभ्यासकांनी संपादित केलं आणि २००१ मध्ये ते युनायपन यांच्या नावाने प्रसिद्ध झालं. एकाहत्तर वर्षांनी.

मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते. "मुसलमान मराठीत लिहितात का?" असं अजूनही विचारतात, आणि विचारणाऱ्यांत आपलीही मुलं असतात. शेख महंमदांच्या 'योगसंग्राम'पासून शाहीर अमर शेखांपर्यंत नावं मी फळ्यावर लिहिते. मुलं उतरवून घेतात. मग एखादा म्हणतो, "हे परीक्षेला आहे का?"

शंकरी चंद्रन या श्रीलंकन तमिळ वंशाच्या लेखिकेची पहिली कादंबरी 'पुरेशी ऑस्ट्रेलियन नाही' म्हणून तिथल्या प्रकाशकांनी परत केली होती. ती श्रीलंकेत छापली गेली. पुढे त्यांनी सिडनीतल्या एका वृद्धाश्रमावर, त्यातल्या तमिळ माणसांवर कादंबरी लिहिली. 'चाय टाइम अ‍ॅट सिनॅमन गार्डन्स'. २०२३ चा माइल्स फ्रँकलिन पुरस्कार तिला मिळाला. मृत्युपत्रातली अट तीच होती.