पटाबाहेरची मुले

शाळेचा निकाल शेकड्यांत ऐकला, की आपले समाधान होते. पण पटावर जी आलीच नाहीत, त्यांचा निकाल कोणी लावायचा? १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मागणी केली : महसूल रयतेच्या श्रमाचा, तेव्हा निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. त्या वेळी जळगावजवळच्या आसोद्यात बहिणाबाई दोन वर्षांच्या होत्या. त्यांना अक्षरओळख कधीच झाली नाही. त्यांची गाणी दुसऱ्यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले. पुढे ती पाठ्यपुस्तकांतही आली. पण खेड्यातले अहिराणी बोलणारे पोर पहिलीत बसते, तेव्हा पुस्तकी मराठी त्याला निम्मी परकीच असते. आणि गुण मात्र तीतच मोजतात.